सात दिवसांचा पास

आक्का न्हाणीत घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला, हे कळलं त्याच दिवशी बसवंतराव हलगे लातूरला जाऊन आले होते. ऑपरेशन झालं, नीट झालं. मग आठवड्याभरानं भाच्याचा, शिवशंकरचा फोन आला.

"मामा, माझी सुट्टी रविवारी संपायलीय. पोरांच्या परीक्षा हायेत, त्यामुळं रुद्राणीला शनिवारच्या आधी हैदराबाद सोडता येत न्हाई. मधला आठवडा तुम्ही काढता का?"

"काढता का म्हणजे काय? माझी बहीण हाय ती. तू बिनघोर जा."

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. आक्का त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. दहा वर्षांचे असताना त्यांना विषमज्वर झाला, तेव्हा आक्का नुकतीच रेणापूरला नांदायला गेलेली. निरोप मिळताच ती माहेरी आली आणि बावीस दिवस त्यांच्या उशाशी बसली. सासरी परत गेल्यावर तिला काय काय ऐकावं लागलं, ते तिनं कधी सांगितलं नाही. इतरांकडून कळलं तेवढंच.

बायकोला, रेणुकाला, बरोबर येणं शक्य नव्हतं. मुलगी तनुजा बाळंतपणाला आलेली, नववा महिना लागलेला. म्हणून बसवंतराव एकटेच निघणार होते. दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात पुरुषाला रात्री आठनंतर थांबू देत नव्हते. तेव्हा झोपायला रेणापूरला आक्काच्या घरी आणि दिवसभर लातूरला वॉर्डात, असं ठरलं. रेणापूर ते लातूर अर्ध्या-पाऊण तासाची वाट.

मग प्रवासाचं बघायचं होतं, आणि ते काम त्यांच्या आवडीचं. विष्णुपुरीच्या पाटबंधारे खात्यात ते एकतीस वर्षं कारकून होते. सायबाच्या दौऱ्यांपासून शिपायाच्या लेकीच्या लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळ्यांच्या गाड्या तेच ठरवून द्यायचे. कुठली गाडी कुठं थांबते, कुठं उतरून दुसरी धरली तर स्वस्त पडतं, कुणाला अर्धं तिकीट, कुणाला फुकट, हे त्यांना तोंडपाठ. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी जुने सहकारी अधूनमधून फोन करून विचारायचे. तो फोन आला की दिवसभर त्यांचा चेहरा खुललेला असायचा.

त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि लिहायला बसले. रेल्वे सगळ्यात स्वस्त, पण वेळा अडचणीच्या. शिवशाही महाग. खासगी ट्रॅव्हल्सवाला मधेच भाव वाढवतो. साधी एसटी बरी. पण तिच्यातही दोन वाटा होत्या. रोज तिकीट काढायचं, नाहीतर एसटीचा सात दिवसांचा पास घ्यायचा. एकदा पैसे भरले की सात दिवस महाराष्ट्रात आवडेल तिथं फिरा, कुठल्याही साध्या गाडीत बसा.

"तुमाला अर्धं तिकीट लागायला अजून चार वर्षं हायेत," रेणुका भाजी निवडता निवडता म्हणाली. "मी असते तर निम्म्यात गेले असते."

"म्हणून तर पास बघायलो."

"रोज रेणापूर-लातूर करायला पास कशाला लागतो?"

शनिवारी नांदेडच्या बसस्थानकावर खिडकीतल्या माणसानंही तेच विचारलं. त्यानं कागद हातात घेऊन आकडे पाहिले आणि मान हलवली. "एवढ्यात पास वसूल होत न्हाई काका. सुटी तिकिटंच स्वस्त पडतील."

"आणिक दोन लांबच्या फेऱ्या झाल्या तर?"

"मग होईल. पण तुम्ही तर पेशंटसाठी चाललाव म्हणता."

बसवंतरावांनी कागद परत घेतला. मागं रांग होती. "औषध-बिवषध आणायला कुठं पळावं लागलं तर?" ते म्हणाले. "उद्यापासूनचा पासच द्या."

औषधं आणायला एसटीनं परगावी कोण जातं, हे त्यांनाही माहीत होतं. खरी गोष्ट वेगळी होती. तीन वर्षं ते घरातच होते. लोकांना अख्खा महाराष्ट्र फिरवला, पण असा पास त्यांनी स्वतःसाठी कधी घेतला नव्हता. पास खिशात ठेवताना त्यांना बरं वाटलं. बहीण दवाखान्यात असताना असं बरं वाटावं याचं थोडं वाईटही वाटलं, पण तेवढ्यात गर्दीनं त्यांना पुढं ढकललं.

रविवारी दुपारी ते वॉर्डात पोचले. सहा खाटांचा वॉर्ड. आक्काची खाट खिडकीपाशी. तिचे केस कुणीतरी घट्ट विंचरून दिले होते. कपाळावर विभूती होती. शेजारच्या खाटेवर औशाकडच्या नागुबाई, आणि त्यांच्याजवळ त्यांची लेक सुकन्या, तिशीतली, स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती.

शिवशंकरनं फाइल दाखवली, गोळ्या समजावल्या आणि शेवटी एक कागद पुढं केला. त्यावर चौकटी आखलेल्या होत्या.

"मामा, हे महत्त्वाचं हाय. आईला मागं एकदा लघवीचा त्रास झाला होता, म्हणून डॉक्टर पाण्यावर लई लक्ष ठेवायलेत. सकाळी आठपासून दर दोन तासांनी एक पेला द्यायचा आणि इथं लिहायचं. रात्रीचं सिस्टर बघतात. ती आपण होऊन मागत न्हाई. पाणी प्यालं की भांडं लागतं, भांड्यासाठी मावशीला हाक मारावी लागते, आणि तिला त्याची लाज वाटते. मावशी खाली असतात. तुम्ही जाऊन बोलवायचं."

"कळलं."

"प्यायल्याशिवाय पेला ठेवू देऊ नका."

"अरे, एकतीस वर्षं मी पाण्याचीच नोंद केलीय," बसवंतराव म्हणाले, आणि आक्का हसली.

सोमवार, मंगळवार त्यांनी चोख काढले. सकाळी सव्वासातची गाडी, आठच्या आत वॉर्डात. पेला भरून आक्काच्या हातात द्यायचा, ती तोंड वाकडं करायची, अर्धा पिऊन ठेवायची, ते पुन्हा उचलून द्यायचे. मग खाली जाऊन केवळाबाई मावशीला घेऊन यायचं आणि स्वतः जिन्यात जाऊन उभं राहायचं. आक्का त्यांच्याशी लहानपणीच्या गोष्टी काढून बोलायची. दुपारी तिला झोप लागायची, त्यांना काही काम नसायचं.

मंगळवारच्या त्या रिकाम्या दुपारी पासाचा विचार सुरू झाला. दोन दिवसांत रेणापूर-लातूर चार फेऱ्या. असंच चाललं तर शनिवारपर्यंत पास निम्माशिम्माच वसूल होणार. खिडकीतल्या माणसाचं खरं ठरणार. त्यांनी खिशातून कागद काढून दोनदा बेरीज केली. रेणापूरहून परळीची गाडी सकाळी लवकर निघते. वैजनाथाचं दर्शन करून दुपारी बाराला लातूरला पोचता येईल. म्हणजे दोनच पेल्यांचा प्रश्न.

"आक्का, उद्या परळीला जाऊन तुझ्या नावानं अभिषेक करून येऊ का?" संध्याकाळी त्यांनी विचारलं. "बारापर्यंत येतो."

आक्काचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी एवढं कशाला रे? पण जा. जाऊन ये."

त्या डोळ्यांकडं पाहून बसवंतरावांना वाटलं, आपण खरंच तिच्यासाठी जातोय. ते वाटणं रात्रभर टिकलं.

बुधवारी परळीला दर्शन छान झालं. गाडी वेळेवर मिळाली नाही, म्हणून ते लातूरला एक वाजता पोचले. आक्कानं प्रसाद कपाळाला लावला, चिमूटभर तोंडात टाकला. तेवढ्यात सिस्टर पाण्याचा कागद मागायला आली. आठ, दहा आणि बाराच्या चौकटी कोऱ्या होत्या.

"प्यायलीस ना आक्का?"

"प्याले, प्याले. लिही."

टेबलावरची बाटली त्यांना दिसत होती. काल रात्री जाताना त्यांनीच ती गळ्यापर्यंत भरून ठेवली होती. ती अजून गळ्यापर्यंत भरलेली होती. त्यांनी बाटलीकडं पाहिलं, मग पेनाचं टोपण काढलं आणि तिन्ही चौकटींत एकेक पेला लिहिला. सिस्टर कागद घेऊन गेली. समोर सुकन्या आईच्या पायांना तेल लावत होती. तिनं मान वर केली नाही.

त्या दुपारी त्यांनी आक्काला दोन पेले जास्त पाजायचे ठरवलं. पण रात्रीपर्यंत तिनं दोनच घेतले, पुढच्याला नको म्हणाली. त्यांनी फार आग्रह केला नाही.

गुरुवारी त्यांनी सोलापूर काढलं. सोलापूर लांब, एकाच फेरीत पास पूर्ण वसूल होत होता. तिथं सिद्धरामेश्वराचं देऊळ होतं, म्हणजे कारणही तयारच होतं. सकाळी सहाची गाडी धरली तर दुपारी दोनला परत. त्यांनी आक्काला बुधवारी निघतानाच सांगून टाकलं. यावेळी तिचे डोळे भरले नाहीत. "उद्या ती पोरगी मला चालवायला येणार हाय म्हणं," ती म्हणाली. "अकरा वाजता. वाकर घेऊन."

"ती रोजच येणार. तू चाल की. मी दोनला येतोच."

"हाव," आक्का म्हणाली.

सोलापूरच्या वाटेवर बसवंतराव खिडकीशी बसले होते. तीन वर्षांत इतका वेळ सलग खिडकीतून बाहेर पाहिलं नव्हतं. तळ्यातलं देऊळ त्यांनी शांतपणे पाहिलं, तलावाच्या काठावर बसून केळी खाल्ली. विभूतीची पुडी घेतली. परतीच्या गाडीत कंडक्टरनं पास पाहिला आणि म्हणाला, "चांगला वापरायलाव काका. लोक काढतात आणि घरी झोपतात." बसवंतराव खूश झाले. तुळजापूरच्या पुढं गाडीचं टायर बसलं. जॅक होता, स्टेपनी नव्हती. मागून येणाऱ्या दोन गाड्या भरलेल्या, त्यांनी घेतलं नाही. गाडी पुन्हा हलेपर्यंत पाच वाजले. वॉर्डात शिरले तेव्हा साडेसहा वाजून गेले होते.

आक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती. सुकन्या उठून त्यांच्यापाशी आली.

"मिळालं का औषध काका?"

"कुठलं औषध?"

"आक्कांनी सांगितलं ना. इथं मिळत न्हाई ते औषध आणायला तुम्ही सोलापूरला गेलाव. ती व्यायामवाली ताई अकराला आली. आक्का म्हणाल्या, माझा भाऊ येऊ दे, त्याच्यासमोर उठते. ती एकपर्यंत थांबली, मग गेली. डॉक्टरांनी विचारलं, सोबत कोण हाय. त्यांनाबी तेच सांगितलं, भाऊ माझ्या औषधासाठी वणवण फिरायलाय."

बसवंतरावांच्या हातात विभूतीची पुडी होती. त्यांनी ती खिशात घातली.

"न्हाई मिळालं," ते म्हणाले.

आपण हे बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं. सुकन्यानं टेबलाकडं बोट केलं. "बाटली मी दोनदा पुढं केली," ती हळूच म्हणाली. "घेतलं न्हाई. म्हणाल्या, तू तुझ्या आईचं बघ, तुला कशाला तरास."

त्यांनी आक्काला हाक मारली. तिनं डोळे उघडले आणि हसली. "आलास? जेवलास का?" तिचे ओठ कोरडे पडले होते. त्यांनी पेला भरला, तिला मानेखाली हात घालून उचललं. तिनं दोन घोट घेतले आणि पेला बाजूला सारला. "आता न्हाई. मावशीची जायची वेळ झालीय."

आठ वाजता सिस्टर म्हणाली, "काका, आजचा कागद अख्खा कोरा हाय. भरून द्या, मला फाइल लावायचीय."

सात चौकटी होत्या. खरं लिहायचं तर सातही कोऱ्याच ठेवाव्या लागल्या असत्या. मग सिस्टर विचारणार, तुम्ही कुठं होता. मग औषधाचं निघणार, आणि आक्का खोटी पडणार. असं मनाशी म्हणत त्यांनी सातही चौकटी भरल्या. दोन ठिकाणी अर्धा पेला लिहिला, खरं वाटावं म्हणून. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं. निघताना शेजारच्या खाटेकडं बघायचं त्यांनी टाळलं.

शुक्रवारी सकाळी आठला ते आले तर आक्काच्या खाटेभोवती पडदा ओढलेला. पहाटेपासून थंडी वाजून ताप भरला होता. आक्का काहीतरी पुटपुटत होती, त्यांना ओळखत नव्हती. केवळाबाई तिचे तळपाय घासत होती.

डॉक्टर आले. चाळिशीचा, शांत माणूस. त्यांनी तपासलं, केवळाबाईला काही विचारलं, मग फाइल उघडून पाण्याचे कागद एकेक करून पाहिले.

"पाणी तर व्यवस्थित चाललंय," ते सिस्टरला म्हणाले. "बुधवारी पाच पेले, काल सहा. रात्रीचे दोन-तीन धरले तरी पुरेसं. मग लघवी एवढी कमी का? एवढं पाणी आत जाऊन बाहेर येत नसेल तर किडनीचं बघावं लागेल. रिपोर्ट येईपर्यंत पाणी बंद ठेवा, सलाइनही नको. गरज पडली तर सोलापूरला हलवू." मग बसवंतरावांकडं वळले. "तुम्ही भाऊ ना? कागद चांगला ठेवलाय तुम्ही."

बसवंतरावांनी मान हलवली. त्यांना बोलायचं होतं. डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले, मग त्याच्या पुढच्या. सिस्टरनं आक्काच्या टेबलावरची बाटली उचलून कपाटात ठेवली. सुकन्या त्यांच्याकडं बघत होती. डॉक्टर दाराबाहेर पडले.

बसवंतराव धावत नव्हते, पण चालतही नव्हते. जिन्याच्या तोंडाशी त्यांनी डॉक्टरांना गाठलं.

"साहेब, तो कागद खोटा हाय."

डॉक्टर थांबले.

"मी नव्हतो इथं. बुधवारी दुपारपर्यंत नव्हतो, काल दिवसभर नव्हतो. ती पाणी प्यालीच न्हाई. मी मनानं लिहिलं."

"औषधाला गेला होता ना तुम्ही?"

"न्हाई साहेब. देवाला गेलो होतो." हेही पूर्ण खरं नव्हतं, म्हणून ते पुढं म्हणाले, "पास काढला होता सात दिवसांचा. तो वाया जाऊ नये म्हणून गेलो."

डॉक्टरांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. बसवंतरावांना वाटलं, आता हा माणूस ओरडेल. त्यानं ओरडावं असं त्यांना वाटत होतं. डॉक्टर ओरडले नाहीत.

"दोन दिवसांत किती प्यायल्या असतील? अंदाज सांगा."

"बुधवारी दोन पेले. काल दोन घोट."

"तुम्ही शिकलेले दिसता," डॉक्टर म्हणाले आणि वॉर्डाकडं परत फिरले. जाता जाताच त्यांनी सिस्टरला हाक मारून सलाइन लावायला सांगितलं.

दिवसभर सलाइन चाललं. लघवीत जंतू निघाले, त्यावर इंजेक्शन सुरू झालं. किडनी ठीक होती, सोलापूरला हलवायची गरज पडली नाही. बसवंतराव खाटेजवळ बसून राहिले. दुपारी सुकन्यानं त्यांच्यापुढं डबा ठेवला. दोन भाकऱ्या आणि पिठलं. "खा काका," ती म्हणाली. त्यांना ते खाणं जड गेलं. खाल्लं नाही तर तिचा अपमान होईल म्हणून त्यांनी खाल्लं.

संध्याकाळी रेणुकाचा फोन आला. "आक्का कशा हायेत?"

"ताप हाय."

"तुमी नीट बघायलाव ना?"

ते उठून जिन्यात आले. तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. जिन्यात उभं राहून, लोक जात-येत असताना. मग रेणुका म्हणाली, "मंगळवारी रात्री आक्कांचा फोन आला होता. तुमच्या पासाचं मीच सांगितलं त्यांना. हसायला म्हणून सांगितलं." आणि तिनं फोन ठेवला.

शनिवारी सकाळी आक्का शुद्धीवर होती. ताप उतरला होता. अंगात काही उरलं नव्हतं, पण डोळे ओळखीचे होते. त्यांनी चमच्यानं पाणी पाजलं. तिनं मुकाट्यानं घेतलं.

"अरे बसू," तिनं त्यांना हाक मारली.

"हां आक्का."

"पास फिटला का रे तुझा?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी तो शोधून पाहिला. असता तर बरं झालं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुला माहीत होतं?"

"रेणुका बोलली होती. मी म्हणलं, जाऊ दे, बिचारा घरात बसून कंटाळला असंल. तू कवा कुठं गेलास स्वतःसाठी? मला काय, मी पडूनच हाय." तिनं चमचा बाजूला सारला. "मी प्यायला पाहिजे होतं. माझंच चुकलं. तू डॉक्टरला उगं सांगितलंस, सुकन्या बोलली मला."

"मी चौकटी भरल्या आक्का. बाटली भरलेली दिसत होती, तरी भरल्या."

"मीच लिही म्हणलं ना." तिनं डोळे मिटले. "शिवशंकरला काही बोलू नको. त्याचा जीव खालीवर होईल. माझी आण हाय तुला."

दुपारी शिवशंकरची बायको रुद्राणी आली. सासूची दशा पाहून घाबरली, पण सावरून कामाला लागली. ठरल्याप्रमाणं बसवंतरावांनी त्याच संध्याकाळी नांदेडला निघायचं होतं, पासाची मुदत रात्री बाराला संपत होती. ते गेले नाहीत. त्यांनी रुद्राणीला म्हटलं, "रात्री तू थांब. दिवसा मीबी बसतो. आक्का घरी जाईपर्यंत मी हलत न्हाई." आणि त्यांनी पाण्याचा कागद तिच्या हातात दिला. "हा तू लिही," ते म्हणाले. तिनं कारण विचारलं नाही. ते पाजायचे, ती लिहायची.

रविवारी शिवशंकर घाईनं पुन्हा सुट्टी काढून आला. आक्काची आण होती. बसवंतरावांनी तासभर ती पाळली. मग भाच्याला चहाच्या गाड्यावर नेलं आणि कप हातात घेण्याआधीच सांगितलं. परळी, सोलापूर, चौकटी, सगळं. शिवशंकर चहाकडं बघत ऐकत होता. त्याचा चेहरा एकदा कठीण झाला, जबडा हलला. बसवंतराव वाट बघत राहिले.

"मी दहा दिवसांची सुट्टी मागायला पाहिजे होती," शेवटी तो म्हणाला. "मागितली न्हाई. पगार कापतात म्हणून. तुमच्यावर टाकून गेलो."

"ते वेगळं."

"वेगळंच हाय मामा. मला राग आलाय, खोटं कशाला बोलू. पण आता तो घेऊन काय करू?" त्यानं कप ठेवला. "आईला कळू देऊ नका तुम्ही मला सांगितलं ते."

त्यानंतर तो त्यांच्याशी वाईट वागला नाही. फक्त गोळ्यांच्या वेळा तो आता रुद्राणीलाच सांगायचा. बसवंतराव समोर असले तरी.

आक्काला आणखी आठ दिवस राहावं लागलं. व्यायामवाली मुलगी रोज अकराला यायची. पहिल्या दिवशी आक्का वॉकर धरून चार पावलं चालली, बसवंतराव दोन हातांच्या अंतरावर उभे होते. ती पावलागणिक त्यांच्याकडं बघत होती, लहान मूल बघतं तशी. सोमवारी नागुबाईंना घरी सोडलं. सुकन्यानं सामान बांधलं, आक्काच्या पाया पडली. बसवंतरावांना नमस्कार करताना ती म्हणाली, "काका, तुम्ही त्या दिवशी डॉक्टरांच्या मागं गेलाव, ते बरं केलं. मी जाणारच होते."

बसवंतरावांना कळलं की अजून पाच मिनिटं ते गप्प बसले असते तर ही बोलली असती. त्यांना त्यातही दिलासा मिळाला नाही.

बुधवारी नांदेडला तनुजाला मुलगी झाली. रेणुकानं फोनवर बाळाचा आवाज ऐकवला आणि म्हणाली, "तुमी तिकडंच थांबा. आधी आक्कांना घरी पोचवा." तिच्या बोलण्यात अढी नव्हती, पण पूर्वीचं हसणंही नव्हतं. ते थांबले.

आक्काला रेणापूरला नेलं तो रविवार होता. शिवशंकरनं गाडी ठरवली होती. ओसरीत खाट टाकली, तिला उशीला टेकवून बसवलं. संध्याकाळी गल्लीतल्या बायका बघायला आल्या. पार्वतम्मा, आक्काच्या वयाची, सगळ्यात पुढं. तिनं आक्काच्या पायावरून हात फिरवला.

"लई सोसलंस गं गुरम्मा. सोबत कोण होतं?"

"माझा भाऊ होता," आक्का म्हणाली. "पंधरा दिवस खाटेपासून हलला न्हाई. घरी नात झाली तरी गेला न्हाई. चमच्यानं पाणी पाजलं मला. पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं केलं त्यानं."

बायकांनी माना वळवून बसवंतरावांकडं पाहिलं. ते दाराशी चहाचं ताट घेऊन उभे होते. शिवशंकर खांबाला टेकून उभा होता, तो जमिनीकडं बघत होता.

"असा भाऊ असावा," पार्वतम्मा म्हणाली.

"न्हाई," बसवंतराव म्हणाले. "तसं न्हाई ते."

"बघा, बोलूबी देत न्हाई," आक्का बायकांना म्हणाली, आणि सगळ्याजणी हसल्या. मग पार्वतम्मानं आपल्या दिराचं काढलं, त्यानं आजारपणात तिला कसं वाऱ्यावर सोडलं होतं ते, आणि बोलणं तिकडं वळलं.

बसवंतरावांनी एकेकीपुढं ताट धरलं. आक्काजवळ आले तेव्हा तिनं कप घेताना त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि क्षणभर दाबला. तिच्या हाताला अजून सलाइनच्या सुईचा निळा डाग होता. ते ताट तसंच धरून तिथं उभे राहिले, तिनं हात काढून घेईपर्यंत.